आसगावचा नेव्हिल

भिवंडीच्या माणसाने फुटबॉलवर लिहावयास बसावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या गावाचे नाव निघाले की लोकांना माग आठवतात, गोदामे आठवतात, आणि दिवस पावसाळ्याचे असतील तर रस्त्यातले खड्डे आठवतात. खेळाचे नाव काढाल तर कबड्डी! आसपासच्या आगरी गावांत दिव्यांच्या उजेडात रात्र रात्र सामने चालतात आणि चढाईला गेलेल्या गड्याबरोबर सारे गाव श्वास रोखून धरते. क्रिकेटचे तर विचारूच नका. त्याला दोन शेडांमधली बोळही पुरते. पण आमच्या गल्लीतले माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी खटखट थांबली म्हणजे कानांना चमत्कारिक रिकामेपण येते, आणि त्या रिकामेपणात मागच्या मोकळ्या जागेवरून चेंडूवर बसलेल्या लाथेचा 'धप्प' असा आवाज ऐकू येतो. मागावरची तरुण पोरे फुटबॉल खेळत असतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणाच्या नसतात. चेंडू मात्र चांगला असतो. तो वर्गणी काढून आणलेला असतो.

मी स्वतः काही खेळाडू नव्हे. माझी हयात सुताच्या पेढीवर जमाखर्च लिहिण्यात गेली. फुटबॉलची गोडी मला लावली ती पद्मानगरातल्या माझ्या एका तेलुगू मित्राने. त्याचे वडील तेलंगणातून मागाच्या धंद्यासाठी भिवंडीस आले आणि इथलेच झाले. पण त्याचा मामा राहिला हैदराबादेस. त्या मामाकडून आलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाच्या गोष्टी माझ्या मित्राला तोंडपाठ. हा संघ 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईस येई आणि कूपरेजच्या मैदानावरून रोव्हर्स चषक घेऊन जाई. हे सांगताना मित्राच्या आवाजात अशी काही ऐट यावयाची की, जणू पाचही वेळा तो चषक त्याच्याच घरच्या फळीवर ठेवला होता! त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर. आमचा मित्र त्यांना नुसते 'रहीमसाब' म्हणावयाचा आणि म्हणताना एकदा कानाच्या पाळीला हात लावावयाचा. गवयाचे नाव घेताना लावतात ना, तसा.

या रहीमसाबांवर 2024 साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला. पुढे तो घरी बसून पाहण्याची सोय झाली, तेव्हा मी, माझा मित्र आणि माझा भाचा असे तिघांनी मिळून पाहिला. भाचा त्या वर्षी दहावीत होता. अभ्यासापेक्षा चेंडूच्या मागे अधिक, ही ताईची तक्रार. चित्रपटात मेलबर्नच्या ऑलिम्पिकचा भाग आला तेव्हा मित्र गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "हा बघ, नेव्हिल!" त्यावर भाच्याने विचारले, "मामा, हा नेव्हिल खराच होता, की सिनेमासाठी घातलाय?"

आता पाहा, या मुलाला युरोपातल्या क्लबांतले राखीव खेळाडूसुद्धा नावानिशी माहीत. ते कोणत्या वर्षी कोणत्या किमतीला विकले गेले, तेही माहीत. आणि आपल्या मुंबईत राहून, मुंबईतल्या संघाकडून खेळून, ज्या माणसाने ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला एकापाठोपाठ एक तीन गोल मारले, तो खरा होता की नव्हता, ही शंका! भाच्याला काय बोल लावावयाचा? आपण मराठी मध्यमवर्गीय माणसे घरात कोणाच्या गोष्टी सांगतो? विजय मर्चंटांच्या, विनू मांकडांच्या, गावसकरच्या. फार तर खाशाबा जाधवांच्या. फुटबॉलपटूची गोष्ट आपल्या माजघरापर्यंत कधी आलीच नाही.

म्हणून ती मी भाच्याला सांगितली, आणि आता तुम्हांला सांगतो.

नेव्हिल डिसोझाचा जन्म 3 ऑगस्ट 1932 रोजी गोव्यात, बार्देशातल्या आसगावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. गोव्याच्या त्या पिढीच्या माणसाला पोट भरावयाचे तर दोनच वाटा: एक बोटीवर, दुसरी मुंबईस. मुंबईस आलेला गोवेकर धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडा'त उतरावयाचा. एकेक खोली, भिंतीला लावलेल्या पेट्या, आणि देवापुढची मेणबत्ती. या मंडळींनी मुंबईला दोन गोष्टी भरभरून दिल्या. एक म्हणजे वाद्यवृंद, आणि दुसरी फुटबॉल. हिंदी चित्रपटांच्या संगीतात वाजलेली गोव्याची व्हायोलिने पुष्कळांनी वाखाणली. फुटबॉलच्या मैदानावरचे पाय फारसे कोणी वाखाणले नाहीत.

नेव्हिल खेळाडू म्हणून नावारूपास आला तो मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. मधल्या आघाडीला खेळणारा गडी, गोल करणे हे त्याचे काम. भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला. त्या काळच्या मुंबईचा फुटबॉल म्हणजे कंपन्यांचा फुटबॉल. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे असे संघ असावयाचे. कंपनी खेळाडूला नोकरी देई, खेळाडू कंपनीला चषक देई, आणि महिन्याच्या शेवटी पगार होई तो नोकरीचा. खेळावर पैसा मिळवणे हे ऑलिम्पिकच्या नियमांत बसत नसे. खेळाडू 'हौशी' असला पाहिजे, असा दंडक! हौस या शब्दाला आपण मराठीत किती हलके करून ठेवले आहे. लग्नातली हौस, साडीची हौस. इथे हौस म्हणजे नोकरी सांभाळून दुसऱ्याच्या पोटरीवर पोटरी आदळून घेणे.

रोव्हर्स चषकाचे सामने 1891 पासून मुंबईत होत. आरंभीची पंचेचाळीस वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींच्या हातचा सुटला नाही. 1937 साली बंगलोर मुस्लिम या संघाने तो पहिल्यांदा हिंदी माणसाच्या हाती आणला. पुढे कूपरेजला त्या सामन्यांना अशी गर्दी लोटे की, दक्षिण मुंबईच्या कचेऱ्यांत दुपारनंतर अनेकांची आजी एकाच दिवशी आजारी पडे. चालू शतकाच्या उंबरठ्यावर ती स्पर्धा बंद पडली. बंद पडली हेही पुष्कळांच्या ध्यानात आले नाही.

पण मी मेलबर्नकडे वळतो.

1952 साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये आपला संघ युगोस्लाव्हियाशी खेळला. आपले बरेचसे गडी अनवाणी होते. दहा गोल खाल्ले, एक केला. पेव्हेलियनमध्ये परतताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही. त्यानंतर बूट घालून खेळण्याचा निर्बंध आला, आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी रहीमसाबांनी नवा संघ उभा केला. कप्तान कलकत्त्याचा समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. बगलेला पी. के. बॅनर्जी. हैदराबादकडचे बलराम, अझीझुद्दीन, नूर महंमद. दोघा गोलरक्षकांपैकी एक थंगराज, दुसरा आपल्या माटुंग्याचा नारायण. हे नारायण 2021 साली वारले ते आमच्या शेजारच्या ठाण्यास. आणि मधोमध नेव्हिल, वय वर्षे चोवीस.

इथे एक गोष्ट मला नेहमी थांबवते. 1955 च्या पंधरा ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रातली किती घरे त्या दिवशी हळहळली, ते जुन्या माणसांना सांगावयास नको. त्यानंतर सरहद्द बंद झाली. मुंबईतल्या गोवेकराला आईबापांच्या भेटीस जाणे दुरापास्त झाले. 1956 च्या डिसेंबरात भारताच्या नावाचा सदरा घालून नेव्हिल मैदानात उतरला, तेव्हा त्याचे जन्मगाव भारतात नव्हते! ते आले पाच वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 रोजी. देशासाठी खेळणे, देशासाठी खेळणे असे आपण सारखे म्हणत असतो. या मुलाच्या बाबतीत त्या शब्दांना जरा निराळेच वजन येते. मेलबर्नच्या मैदानात उभे असताना त्याच्या मनात यातले काही होते की नव्हते, देव जाणे. बहुधा नसावे. चोवीस वर्षांच्या आघाडीच्या खेळाडूला समोरची जाळी दिसते. राजकारण मागाहून आमच्यासारख्या हिशेबनिसांना सुचते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. भारताला न खेळता पुढची चाल मिळाली, आणि समोर उभा राहिला घरचा संघ, ऑस्ट्रेलिया. तारीख 1 डिसेंबर 1956.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो. दोन-दोन! मध्यंतरात दोन्ही बाजूंच्या माणसांनी घसा ओला केला असेल तो कसा, कोण जाणे. मध्यंतरानंतर पाचच मिनिटे झाली असतील, पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलने तिसरा गोल मारला. मग मॉरो काही पुन्हा फेडू शकला नाही. शेवटची दहा मिनिटे उरली असताना किट्टूने चौथा मारून शिक्कामोर्तब केले. भारत चार, ऑस्ट्रेलिया दोन. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ.

चार डिसेंबरला उपांत्य सामना. समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चारणारा! मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. उत्तरार्ध सुरू झाला आणि पहिला गोल केला नेव्हिलने. भाच्याला सांगताना मी इथे मुद्दाम थांबलो. कारण त्यानंतरची काही मिनिटे अशी होती की, भारत ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता. मग युगोस्लाव्हियाने गोलांची सरबत्ती केली आणि सामना चार-एक असा संपला. पण दहा-एकवरून चार-एक, तेही आधी आघाडी घेऊन! आमच्या पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर चार वर्षांत बुडीत खाते बरेच वसूल झाले होते.

त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारे तिघे, प्रत्येकी चार. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा, आणि एक आसगावचा.

कांस्यपदकाचा सामना 7 डिसेंबरला बल्गेरियाशी झाला आणि तो आपण तीन-शून्य हरलो. आपल्याला चौथा क्रमांक मिळाला. त्या दिवशी त्याच मेलबर्न क्रिकेट मैदानावर आणखी एक फुटबॉल खेळला गेला, आणि त्याची हकीकत मला मोठी गमतीची वाटते. ऑलिम्पिक भरवणाऱ्या गावाला आपला एखादा देशी खेळ पाहुण्यांना दाखवता येई. मेलबर्नकरांनी दाखवला तो त्यांचा स्वतःचा फुटबॉल. या खेळाला एका बाजूला अठरा गडी. मैदान क्रिकेटचे, लंबगोल. चेंडूही लंबगोल, तो हाताने धरावा, मुठीने मारावा, पायाने उडवावा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने पार गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. खेळाडू दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेत उंच उडी घेतात आणि वरच्या वर चेंडू झेलतात. आमच्या भागातल्या दहीहंडीच्या गोविंदांना हा खेळ दाखवला, तर ते पहिल्याच दिवशी संघात निवडले जातील! त्या दिवशीही खेळाडू हौशीच निवडावे लागले, कारण ऑलिम्पिकचा दंडक त्यांनाही चुकला नाही.

हा खेळ काढणाऱ्यांत प्रमुख नाव टॉम विल्स याचे. हा मूळचा क्रिकेटपटू. इंग्लंडात रग्बी शाळेत शिकून परत आलेला. हिवाळ्यात क्रिकेट खेळणाऱ्यांची अंगे जड होतात, तेव्हा त्यांच्यासाठी एखादे फुटबॉलचे मंडळ काढावे, असे पत्र त्याने 1858 साली वर्तमानपत्रात छापले. दुसऱ्या वर्षी मेमध्ये चौघांनी बसून नियम लिहिले. 1861 साली क्वीन्सलंडात तिथल्या मूळ रहिवाशांनी विल्सच्या बापाला वस्तीतल्या माणसांसह ठार मारले. आणि पाचच वर्षांनी हाच विल्स मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाला शिकवीत मेलबर्नच्या मैदानावर उभा होता! माणसाचे मन म्हणजे काय कोडे आहे! पुढे दारूने त्याला पुरते पोखरले, आणि 1880 साली त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. त्याच्या थडग्यावर शंभर वर्षे साधा दगडही नव्हता. तो बसला 1980 साली. आज त्याचा पुतळा मेलबर्नच्या मैदानाबाहेर उभा आहे.

आणि त्याच 1980 साली, 17 मार्चला, नेव्हिल डिसोझा मुंबईत वारला. मेंदूत रक्तस्राव झाला. वय अवघे सत्तेचाळीस.

या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मी जाणतो. नेव्हिलच्या आयुष्यात विल्सच्या आयुष्यातले विष कुठे नव्हते. पण विल्सचा खेळ ज्या गावाने उचलला त्या गावाला, उशिरा का होईना, त्याची आठवण काढणे भाग पडले. दर शनिवारी हजारो माणसे तो खेळ पाहावयास जातात, मग त्याचे नाव टाळणार कसे? नेव्हिलच्या मुंबईने फुटबॉलच हळूहळू टाकला. मग त्याचे नाव काढावयाचे कोणी? अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. पहिल्या वर्षी पी. के. बॅनर्जींना मिळाला, दुसऱ्या वर्षी बलरामना, 1967 साली थंगराजना. तिघेही मेलबर्नचे. ऑलिम्पिकमध्ये चार गोल करणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही. मला या गोष्टीचा राग येतो. कोणावर, ते सांगता येत नाही, यादीवर येतो.

हे सारे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे बाबा म्हणतात ते बरोबरच आहे."

त्याचे बाबा, म्हणजे आमचे भावोजी, काय म्हणतात? तेच, जे तुमच्या-माझ्या घरात म्हणतात. खेळ चांगला, पण पुढे काय? त्याआधीच्या आठवड्यात ताई आणि भावोजी मुद्दाम माझ्याकडे आले होते. मुलाची ठाणे जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी निवड झाली होती आणि चाचणी नेमकी सराव परीक्षेच्या आठवड्यात. "मामाचे ऐकतो तो. तुम्ही सांगा त्याला," असे ताईने मला चहा पिता पिता सांगितले होते. भावोजी यंत्रांचे सुटे भाग विकतात. धंदा चढतो, पडतो. माग भंगारात निघालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. एका मागाचे लोखंड किलोच्या भावाने गेले की त्यावर जगणाऱ्या घराचे काय होते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. अशा माणसाला 'पुढे काय' विचारण्याचा हक्क आहे. त्यांना हसण्यात अर्थ नाही.

मी भाच्याला म्हटले, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे, आणि नेव्हिलने तीन गोल मारले हेही खरे आहे. दोन्ही तुझ्या वहीत लिहून ठेव. वजाबाकी करू नकोस." आणखी एक सांगितले. नेव्हिल नोकरी सोडून मेलबर्नला पळून गेला नव्हता. त्या संघातले बहुतेक जण कोठे ना कोठे नोकरीत होते. पोलिसात, लष्करात, रेल्वेत. खेळामुळे त्यांची पोटे भरली, पण खेळ म्हणजे पोट असे त्यांनी धरले नाही. नेव्हिलनंतर सहाच वर्षांनी, 1962 साली, जकार्ताच्या आशियाई सामन्यांत रहीमसाबांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात बार्देशातल्याच कोलवाळचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. तोही मुंबईच्या मैदानांवर वाढलेला. रहीमसाबांना तेव्हा कर्करोगाने गाठले होते. दुसऱ्या वर्षी ते गेले. माझ्या मित्राने इथे पुन्हा कानाला हात लावला.

ताईला मात्र मी स्पष्ट सांगितले की, मी मुलाला नाही म्हणणार नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अळूवड्या पाठवल्या, त्या अर्थी राग गेला असावा. भावोजींनी तोड काढली ती त्यांच्या धंद्याच्या रीतीने: चाचणी सकाळी, शिकवणी दुपारी, आणि रात्री दोन तास अभ्यास त्यांच्यासमोर बसून. चाचणीत भाचा पहिल्या अकरांत आला नाही. राखीव म्हणून राहिला. दहावीत बरे गुण मिळाले. बरे म्हणजे बरेच. फार चांगले नव्हेत.

वांद्र्याला समुद्राजवळ एक फुटबॉलचे मैदान आहे, हिरव्या कृत्रिम गवताचे. त्याला नेव्हिल डिसोझाचे नाव दिले आहे. मुंबईच्या जिल्हा संघटनेचे सामने तिथे होतात. मागल्या हिवाळ्यात भाच्याच्या मंडळाचा एक मैत्रीपूर्ण सामना त्या मैदानावर ठरला. पहाटे रिक्षाने ठाणे, ठाण्याहून दादर, तिथे पूल ओलांडून दुसऱ्या गाडीने वांद्रे. बूट पिशवीत, पिशवी डोक्याखाली, अशी ती पोरे गेली. भावोजीही बरोबर गेले. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून.

रात्री भावोजींचा फोन आला. सामना एक-एक सुटला म्हणाले. त्या गवताखाली रबराचे काळे दाणे असतात, ते मुलांच्या मोज्यांतून घरभर सांडले आहेत आणि ताई झाडते आहे, हेही सांगितले. मग जरा थांबून विचारले, "अहो, तो तुमचा नेव्हिल, बोटीवर गेला नाही तो? टाटांत होता ना?"

मी म्हटले, "टाटांत."

"मग ठीक आहे," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.